जुन्या जीपचं इंजिन कव्हर निघत नाही: ओढण्याआधी ते कशाने धरलंय ते शोधा

सगळे बोल्ट काढले, रबरी हातोड्याने चारी बाजूंनी ठोकलं, तरी टायमिंग कव्हर (इंजिनाचं पुढचं झाकण) किंवा चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) जागचं हलत नाही. मग बहुतेक ठिकाणी मोठा स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून मागून हातोडा मारला जातो. कव्हर निघतं, पण फेसवर, म्हणजे जोडाच्या सपाट पृष्ठभागावर, खाच पडते. जोडताना ती खाच भरायला दुप्पट सिलिकॉन लागतं. सहा महिन्यांत तिथूनच तेल पाझरायला लागतं, त्यावर धूळ बसते, पुन्हा कव्हर काढायची वेळ येते आणि या खेपेला ते आधीपेक्षा घट्ट चिकटलेलं असतं. म्हणून कव्हर निघणं हे अर्धंच काम धरा. फेस शाबूत ठेवून ते निघालं पाहिजे आणि पुढच्या वेळी हाताने निघेल असं बसलं पाहिजे.

सोलापूर भागात अजून चालणाऱ्या तीन जातींच्या गाड्या इथे डोळ्यांसमोर आहेत: विलीस पद्धतीच्या जुन्या पेट्रोल जीप, प्यूजो डिझेल इंजिनाची महिंद्रा एमएम ५४० आणि १९८५ नंतरची मारुती जिप्सी. वडापला चाललेल्या, उसाच्या फडात राबलेल्या किंवा शेतावर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या या गाड्यांची इंजिनं वेगळी आहेत. कव्हर अडकण्याची कारणं मात्र सारखीच आहेत.

आधी माती काढा

हे सांगायला साधं वाटतं, पण अर्ध्याहून जास्त डोकेदुखी इथेच संपते. मंगळवेढ्याकडची काळी माती ओली असताना चिकटते आणि सुकली की सिमेंटसारखी बसते. त्यात गळलेलं तेल मुरलं की चेंबरच्या कडेवर बोटभर जाडीचा थर होतो आणि त्याखाली एखाद-दुसरा बोल्ट अख्खा लपतो. डिझेल आणि ताठ ब्रशने सगळी कड धुऊन काढा, बोल्टच्या डोक्यांतली आणि भोकांतली माती टोच्याने कोरा, मग हवा मारा. पेट्रोलने धुऊ नका. पुढे आच द्यायची वेळ येऊ शकते.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. गाडीखाली जायचं असेल तर चासी घोड्यांवर (पक्क्या लोखंडी आधारांवर) टेकवा, नुसत्या जॅकवर नको.

आता एक पुठ्ठा घ्या, त्यावर कव्हरचा आकार काढा आणि निघेल तो बोल्ट त्याच जागी पुठ्ठ्यात खोचा. एकाच कव्हरला दोन-तीन लांबीचे बोल्ट असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तो तळाला टेकतो, कव्हर आवळलं जात नाही, आणि जोर लावला तर ॲल्युमिनियमला तडा जातो. पुठ्ठ्याचा दुसरा उपयोग असा की एखादी जागा रिकामी दिसली की कळतं, तो बोल्ट अजून गाडीतच आहे.

लपलेले बोल्ट सापडण्याच्या ठरलेल्या जागा आहेत. डायनामो किंवा अल्टरनेटरच्या पट्टीचा बोल्ट टायमिंग कव्हरमधून आरपार गेलेला असतो. डिपस्टिकच्या नळीची क्लिप कव्हरच्याच बोल्टखाली असते. चेंबरचे मागचे बोल्ट फ्लायव्हीलच्या धूळपत्र्याआड असतात. आणि अनेक इंजिनांत चेंबरचे पुढचे बोल्ट खालून वर टायमिंग कव्हरमध्येच आवळलेले असतात. हे शेवटचे सर्वांत जास्त विसरले जातात. समोरचे सगळे बोल्ट काढून कव्हर पुढे ओढत राहिलं तर खालचा कान तुटून हातात येतो.

कुठे धरलंय ते तेल सांगतं

जोडाच्या पूर्ण रेषेवर ब्रशने पातळ डिझेल लावा. लाकडी मोगरीने कव्हरवर हलके ठोके द्या आणि रेषेकडे बघा. जिथे जोड सुटलाय तिथे ठोक्यासरशी डिझेल आत-बाहेर होतं, बारीक बुडबुडे येतात. जिथे रेष मेल्यासारखी स्थिर राहते, तिथे कव्हर धरलेलं आहे. खडूने तेवढा भाग मारून घ्या.

स्थिर भाग बोल्टच्या एखाद्या जागेभोवती गोल असेल तर तिथे राहिलेला बोल्ट किंवा गंजलेला स्टड (डोकं नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) समजा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत धरलं असेल तर डॉवेल पिन, म्हणजे कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या, गंजल्यात. लांबच लांब पट्टा धरलेला असेल तर पॅकिंग (जोडातलं गॅस्केट) चिकटलंय. आणि सगळी रेष हलते, पण कव्हर तीन-चार मिलिमीटर येऊन ठक्‌ करून थांबतं, तेव्हा आतून काहीतरी आडवं येतंय. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. शेवटच्या प्रकारात तर जोर लावणं सर्वांत घातक.

पॅकिंग चिकटलं असेल तर

आधी कशाने चिकटवलंय ते ओळखा. लालसर-तपकिरी, काचेसारखं तडकणारं असेल तर शेलॅक. ते उष्णतेने मऊ होतं आणि स्पिरिटमध्ये विरघळतं. रबरासारखं ताणलं जाणारं, करडं, काळं किंवा लाल असेल तर सिलिकॉन. सुकलेलं सिलिकॉन पेट्रोल-थिनरमध्ये फक्त फुगतं, विरघळत नाही. ते कापूनच काढावं लागतं. नुसतं कागदी किंवा बुचाचं पॅकिंग तेलात शिजून चिकटलं असेल तर ते बहुतेक वेळा उष्णतेनेच सुटतं.

शेलॅक आणि बुचासाठी: बॅटरीची केबल आणि सोडलेले बोल्ट परत लावून, तेल काढायच्या आधी इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा, बंद करा, गरम असतानाच तेल काढा आणि लगेच कव्हरला हात घाला. हातमोजे घाला, हे तेल भाजतं. इंजिन चालू होण्यासारखं नसेल तर हीट गनने कव्हरची कड फिरवत गरम करा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गाडी दुपारी दोन ते चार उघड्या बॉनेटने उन्हात उभी केली तरी पत्र्याचं टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) चांगलं तापतं, त्याचा फायदा घ्या.

सिलिकॉनसाठी पातं लागतं. रंगाऱ्याची पातळ पोलादी पट्टी घ्या, अर्ध्या मिलिमीटरहून जाड नको. हॅक्सॉचं जुनं ब्लेडही चालतं, पण त्याचे दात ग्राइंडरवर घासून काढा आणि एक कड दोन्ही बाजूंनी निमुळती करा. पातं नेहमी पॅकिंगच्या थरात घालायचं, फेसला समांतर धरायचं, आणि हातोडीने पात्याच्या बाजूवर टकटक करत जोडाच्या रेषेने पुढे सरकवायचं. आत ठोकत जायचं नाही. बोल्टच्या भोकापाशी आलं की काढून पलीकडून घाला. कोपऱ्यांत पातं वळत नाही. तिथे बारीक पोलादी तार दोन लाकडी मुठींना बांधून करवतीसारखी ओढली तर सिलिकॉन लोण्यासारखं कापलं जातं. लांब, सरळ चेंबरला ही तार पात्यापेक्षा चांगली.

एक कोपरा दोन मिलिमीटर उघडला की तिथे लाकडाची बारीक पाचर ठेवा आणि समोरच्या कोपऱ्याकडे जा. एकाच बाजूने उचलत राहिलं तर पत्र्याचं कव्हर मुरडतं आणि ओतीव कव्हर तडकतं.

कव्हरला बाहेर आलेले कान असतील, तर ते उचकटायलाच दिलेले असतात. पहार लावायची तर तिथे, खाली लाकूड घेऊन. काही ओतीव कव्हरांत आणि वॉटर पंपांत बोल्ट नसलेली एक-दोन आटेदार भोकं दिसतात. ती रिकामी राहिलेली नसतात. त्यांत त्याच आट्याचे बोल्ट घाला, दोन्हीकडे पाव-पाव फेरा समान आवळत जा, कव्हर आपोआप वर येतं. बोल्टचं टोक समोरच्या ॲल्युमिनियमवर टेकणार असेल तर मध्ये एक मिलिमीटरचा पोलादी तुकडा सरकवा, नाहीतर तिथे खळगा पडतो.

बोल्टच सुटत नाही

ॲल्युमिनियमच्या कव्हरमध्ये पोलादी बोल्ट वर्षानुवर्षं राहिला आणि ओल मिळाली की दोन धातूंमध्ये विजेची क्रिया होते. ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत ठासून भरते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून बोल्ट पाचर मारल्यासारखा बसतो. नुसत्या ताकदीने तो फिरत नाही, मानेत तुटतो. सहा मिलिमीटरचा बोल्ट, म्हणजे ज्याला १० नंबरचा पाना लागतो, तो तर अगदी सहज.

क्रम असा ठेवा. बोल्टच्या डोक्यावर सरळ, अक्षाच्या दिशेने, मध्यम हातोडीने आठ-दहा ठोके द्या. याने आट्यांतली पकड मोडते. मग गंज सोडवणारं तेल टाका. डब्ल्यूडी-४० हलक्या गंजाला ठीक आहे. मुरलेल्या बोल्टला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. हे दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून थेंब टाका. ॲसिटोन फार लवकर उडतं आणि फार लवकर पेटतं, रंग आणि रबरही खातं. सोलापूरच्या उन्हात भरदुपारी टाकलं तर आट्यांत शिरायच्या आत उडून जातं. संध्याकाळी टाका, वर चिंधी ठेवा, रात्रभर राहू द्या. तीन रात्री हे केलं तर चौथ्या दिवशी जो बोल्ट तुटणार होता तो बऱ्याचदा फिरतो.

पाना म्हणून सहा कोनांची गोटीच (सॉकेट) घ्या. बारा कोनांची गोटी आणि ढिला फिक्स पाना डोकं सोलतात. पहिली हालचाल आवळण्याच्या दिशेने, अगदी किंचित. मग सोडा. पाव फेरा सुटला की परत आवळा, तेल टाका, परत सोडा. ‘कर्र’ आवाज येऊन हलला तर काम होतंय. आवाज न येता रबरासारखा, स्प्रिंगसारखा पीळ जाणवला तर तिथेच थांबा. तो पीळ बोल्टच्या मानेत पडतोय.

मग आच. ॲल्युमिनियम तापून फुगतं ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून आच बोल्टला नको, भोवतालच्या कव्हरला द्या. हीट गन किंवा हातबत्ती फिरवत ठेवा, पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर चुरचुरून उडाला की पुरे. लालबुंद करण्याचा प्रश्नच नाही. ॲल्युमिनियम वितळण्याआधी रंग बदलत नाही, अचानक बसतं. बत्ती बाजूला ठेवून साध्या मेणबत्तीचा तुकडा बोल्टच्या बुडाशी टेकवा. मेण पातळ होऊन आट्यांत ओढलं जातं. आता सोडा. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये पोलादी बोल्ट असेल तर दोघांचा फुगण्यातला फरक कमी, तिथे एकदा तापवून पूर्ण थंड होऊ द्या आणि मग तेल टाका. हे दोन-तीनदा करावं लागतं.

आच देताना पेट्रोलची नळी, कार्बोरेटर आणि ॲसिटोनची बाटली जवळ नको, आणि आग विझवायचं साधन हाताशी हवं. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेला आच कधीच लावू नका. त्याच्या काही प्रकारांतून विषारी वायू निघतो.

डोकं गोल झालं असेल तर एक नंबर लहान गोटी वरून ठोकून बसवा. १० नंबरच्या डोक्यावर ३/८ इंची गोटी ठोकली तर ती साडेनऊ मिलिमीटरची असल्याने घट्ट बसते. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर १२ नंबर. चौफुली स्क्रू असतील, जसे जपानी घडणीच्या भागांवर असतात, तर त्यांना साधा फिलिप्स ड्रायव्हर नीट बसत नाही. जपानी मापाच्या बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो. त्याला त्याच मापाचं टोक आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा.

इंचाच्या भोकात मिलिमीटरचा बोल्ट

जुन्या जीपवर हे कारण इतकं वेळा सापडतं की स्वतंत्र सांगायला हवं. विलीस पद्धतीच्या इंजिनाचे आटे इंची आहेत. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट हाताला तसाच लागतो. पण ५/१६ च्या जाड आट्यांत इंचाला १८ फेरे, म्हणजे फेऱ्यामागे १.४१ मिलिमीटर, ८ मिलिमीटरच्या बोल्टला १.२५. दोन-तीन फेरे हाताने जातात, मग जड होतं, आणि पाना लावून कोणीतरी तो पुढे दामटलेला असतो. असा बोल्ट गंजलेला नसतो, आटे एकमेकांत रुतलेले असतात. त्याला तेलाचा उपयोग कमी. आच देऊन एका दमात सावकाश काढा आणि भोकाचे आटे गेले असं गृहीत धरून पुढची तयारी ठेवा.

पाव इंचाच्या भोकात ६ मिलिमीटरचा बोल्ट उलटं करतो. तो ढिला जातो, आवळल्यासारखा वाटतो आणि पकडत मात्र नाही. तिथून तेल गळतं, आणि गळतं म्हणून सिलिकॉन थापलं जातं.

ओळखायचं कसं? डोक्याचा पाना बघा. विलीसच्या ५/१६ ला अर्ध्या इंचाचा पाना लागतो, ३/८ ला ९/१६ चा, पाव इंचाला ७/१६ चा. त्या जागी १० किंवा १३ नंबर घट्ट बसत असेल तर बोल्ट बदललेला आहे. पिच गेज (आट्यांमधलं अंतर ओळखायच्या पट्ट्या) स्वस्त मिळतं, ते पेटीत असू द्या. एमएम ५४० चं इंजिन आणि जिप्सी मिलिमीटरच्या आहेत, पण इतक्या वर्षांत कोणी काय बसवलंय ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

तुटलाच तर

तुकडा पाच मिलिमीटर वर असेल तर आच, मेण आणि वाइस ग्रिप. त्याने नाही आला तर तुकड्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग भरा. सहाच्या तुकड्यावर आठचा नट. वेल्डिंगची उष्णता अर्धं काम करते, म्हणून नटाची लाली जाऊन थोडा निवला की फिरवा, पूर्ण गार होऊ देऊ नका. वेल्डिंगच्या आधी अल्टरनेटर सोडा आणि अर्थ जवळ धरा.

फेसच्या बरोबरीने किंवा आत तुटला असेल तर मध्यबिंदू हा सगळा खेळ आहे. कानशीने तुकडा सपाट करा, मधोमध पंच मारा, ३ मिलिमीटरने सरळ भोक पाडा. उलट्या फेऱ्याचं ड्रिल मिळालं तर तेच वापरा, कित्येकदा तुकडा ड्रिलसोबतच बाहेर येतो. इझी-आउट (तुटका बोल्ट काढायचं उलट्या आट्याचं हत्यार) सहाच्या बोल्टमध्ये न वापरलेलं बरं. ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं तर साध्या ड्रिलने पुढे जाता येत नाही. त्यापेक्षा टप्प्याटप्प्याने ५ मिलिमीटरपर्यंत भोक वाढवा, उरलेली सालं टोच्याने काढा आणि ६ चा टॅप फिरवा.

आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी. ६ साठी ६.३ चं ड्रिल, ८ साठी ८.४ चं. ५/१६ जाड आट्याला नवा टॅप मारायचा तर आधी ६.५ चं भोक. ५/१६ चं भोक वाढवून सरळ १० चा टॅप मारायची पद्धत टाळा, कव्हरचं भोकही मोठं करावं लागतं आणि कडेला धातू उरत नाही. भोक ब्लॉकच्या आत वाकडं जातंय असं वाटलं तर थांबा आणि भाग काढून अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला एखाद्या लेथवाल्याकडे न्या. पलीकडे पाण्याचा जॅकेट (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पोकळी) असू शकतो.

कव्हरगणिक काही गोष्टी

विलीसच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. म्हणून वर एक टॅपेट कव्हर आणि मॅनिफोल्डच्या आड ब्लॉकच्या कुशीत दुसरं. हे कुशीतलं कव्हर पातळ पत्र्याचं आहे, मधल्या बोल्टांवर धरलेलं. जास्त आवळल्याने ते मध्ये आत दबलेलं आणि कडांना उचललेलं असतं. उचकटलं तर आणखी वाकतं. पातं चारी कडांनी फिरवा, मग हाताने काढा, आणि परत लावण्याआधी सपाट लोखंडावर ठोकून सरळ करा. बोल्टखालची तांब्याची किंवा फायबरची वायसर नवी घाला, तेल बोल्टच्या कडेनेही येतं.

टायमिंग कव्हर क्रँक पुली काढल्याशिवाय येत नाही, कारण कव्हरमधलं ऑइल सील पुलीच्या बुशीवर बसलेलं असतं. जुन्या जीपला पुढे हँडल मारायचा दातेरी नट असतो. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा आणि लांब टॉमीने डावीकडे सोडा. पुली ओढताना पुलर कडेला लावू नका, पट्ट्याची कड तुटते. मधल्या बुशीला आटेदार भोकं असतील तर तिथे धरा. क्रँकवरची चावी हरवू नका. जिप्सीचं टायमिंग कव्हर बेल्टचं आहे, आत तेल नसतं, त्याला सिलिकॉनची गरजच नाही. कोणी लावलेलं सापडलं तर काढून टाका आणि रबरी पट्टी नवी घाला. बेल्ट उतरवल्यावर क्रँक किंवा कॅम एकटा फिरवू नका.

चेंबर दोन-तीन सेंटिमीटर खाली येऊन अडकलं तर ते चिकटलेलं नाही. ऑइल पंपाची जाळी आतल्या आडव्या पत्र्याला लागतेय किंवा क्रँकचं वजन आडवं आलंय. स्पार्क प्लग काढून हँडलने क्रँक थोडा-थोडा फिरवा, चेंबर तिरकं करून मागे-पुढे सरकवा. जीप आणि जिप्सी दोन्हींचा पुढचा एक्सल सरळ चेंबरखालून किंवा जवळून जातो, म्हणून चासी घोड्यांवर घेऊन एक्सल लोंबू द्या, लागणारी जागा मिळते.

थर्मोस्टॅटच्या एल्बोची (रेडिएटरकडे पाणी नेणाऱ्या वाकड्या तोंडाची) गोष्ट वेगळी. नट सहज सुटतात, पण एल्बो स्टडवरून वर येत नाही. दोष आपल्या पाण्याचा आहे. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की क्षार आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी स्टड आणि भोकाच्या फटीत भरते. खालून उचकटलं की एल्बोचा कान तुटतो, आणि तो ठरलेलाच. स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळून स्टडच बाहेर काढा. तो निघत नसेल तर एल्बोला आच, वरून तेल, आणि रबरी हातोड्याने डावी-उजवीकडे टकटक. उचलायचं नाही, गोल फिरवून सोडवायचं. एक मिलिमीटर फिरला की सुटला.

परत लावताना

जुनं पॅकिंग खरवडताना डिझेलने किंवा पाण्याने ओलं ठेवा. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नये. ॲल्युमिनियमवर लाकडी किंवा प्लॅस्टिकचं पातं वापरा. इंजिन उघडं असताना ग्राइंडरची घासणारी चकती फिरवू नका. तिचा कण बेअरिंगपर्यंत जातो आणि बेअरिंग खातो. भोकांत आणि उघड्या इंजिनात स्वच्छ कापड कोंबा, शेवटी मोजून काढा.

कव्हर काचेवर ठेवून चारी बाजूंनी फिलर गेज घाला. किंचित उंचवटे असतील तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासा. पत्र्याच्या चेंबरची भोकं वर फुगलेली असतात, ती लाकडावर ठेवून उलट ठोका.

कागदी पॅकिंग असेल तर चिकटवायचं फक्त कव्हरच्या बाजूला, तेही पातळ. ब्लॉकच्या बाजूला बोटाने ग्रीसचा हात फिरवा. दोन्हीकडे शेलॅक लावणं हेच पुढच्या वेळच्या भांडणाचं मूळ आहे. जिथे पॅकिंग नसून सिलिकॉनच सांगितलंय तिथे दोन मिलिमीटरची एकच धार, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलेलं आत पिळून पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. बोल्ट हाताने लावा, ट्यूबवर लिहिलेला वेळ थांबा, मग आवळा. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं. आपल्या उन्हाळी कोरड्या हवेत ते लवकर सुकेल असं वाटतं, होतं उलट. मे महिन्यात तेल भरण्याआधी पूर्ण चोवीस तास द्या.

ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या प्रत्येक बोल्टला अँटी-सीझचा (आटे जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात. त्याने बोल्ट निसटता होतो, म्हणून टॉर्क वीसेक टक्के कमी ठेवा. मॅन्युअल नसेल तर ॲल्युमिनियममधल्या ६ च्या बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर आणि ८ च्या बोल्टला २० च्या आसपास, ही कोरड्या आट्यांची मर्यादा धरा. मधून बाहेर, तिरकं, दोन खेपांत. रेडिएटरमध्ये कूलंट आणि बॅटरीला मिळतं तसं डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा.

आणि ब्रीदर (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी) बघितल्याशिवाय काम बंद करू नका. इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारत असेल (रिंगांमधून गॅस खाली उतरत असेल) किंवा ब्रीदरची जाळी धूळ-तेलाने चोंदली असेल, तर आतला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि ती वाट कव्हरच्या जोडातून असते. असं इंजिन कितीही नीट पॅक करा, गळतंच, आणि पुढचा माणूस पुन्हा सिलिकॉन थापतो. इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हलकेच धरा. पिशवी फुगून उडत राहिली तर ब्रीदरची नळी आणि जाळी आधी डिझेलमध्ये धुवा, पुन्हा तपासा. ब्रीदर साफ असूनही पिशवी फुगत असेल तर रिंगा आणि बोअर गेलेत, तिथे नव्या पॅकिंगवर पैसे घालू नका.

चालू केल्यावर पहिल्या दिवशी चेंबरखाली कोरा पुठ्ठा ठेवा. थेंब पडला तर कुठून, ते त्यावर दिसतं. कागदी आणि बुचाचं पॅकिंग पाचशे किलोमीटरनंतर दबतं, तेव्हा थंड इंजिनावर सगळे बोल्ट एकदा त्याच टॉर्कला तपासा. सिलिकॉनच्या जोडाला मात्र परत आवळायचं नाही, सुकलेली धार फाटते.